किटली घासायच्या आधी डाग ओळखा: स्टील, जर्मन, पितळ सगळ्यांसाठी

किटली साफ करायची म्हटलं की पहिला हात जातो तारेच्या घासणीकडे, आणि किटलीची निम्मी वाट तिथेच लागते. मुळात किटलीचं तोंड लहान, बऱ्याच किटल्यांमध्ये हात आत जातच नाही, तोटी वाकडी, काठाला पत्रा वळवलेला, म्हणजे जोर लावून घासायला ती बनवलेलीच नाहीये. किटली भिजवायची असते. नीट भिजली की शेवटी स्पंजने दोन हात फिरवले तरी भागतं. फक्त कशात भिजवायची हे डाग बघून आणि धातू बघून ठरवावं लागतं, कारण स्टीलला जे चालतं ते जर्मनला (म्हणजे ॲल्युमिनियमला) चालत नाही आणि जर्मनला जे चालतं त्याने पितळ गुलाबी पडतं. म्हणून इलेक्ट्रिक केटलपासून टपरीवरच्या किटलीपर्यंत आणि माळ्यावरच्या पितळी किटलीपर्यंत सगळंच खाली टाकतोय, आपापलं बघून घ्या.

आधी डाग कसला आहे ते. आत तळाला पांढरं किंवा राखाडी खरखरीत बसलंय, नखाने खरवडलं की पापुद्रे निघतायत, तर ते पाण्यातले क्षार. तपकिरी पातळ थर आहे आणि बोट फिरवलं तर गुळगुळीतच लागतंय, तर तो चहाचा. पिवळट लालसर ठिपके, बघणाऱ्याला वाटतं स्टील गंजलं, पण हाताला खड्डा लागत नाही, तर ते बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातलं लोह असतं. निळी जांभळी झाक आली असेल तर ती स्टील जास्त तापल्यामुळे, पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जाड होतो आणि तसा रंग दिसतो, त्याने चहाला काहीही होत नाही, उगाच घाबरू नका. बाहेरून पिवळं चिकट म्हणजे फोडणीचा तेलकट धूर, बाहेरून काळं म्हणजे काजळी, आणि पितळ-तांब्यावर हिरवं म्हणजे कळक.

शंका असेल तर लिंबाच्या रसाचा एक थेंब त्या पांढऱ्या डागावर टाका आणि अर्धा मिनिट बघत बसा. बारीक बुडबुडे आले तर क्षार आहेत, आंबटाने जातील. काहीच झालं नाही तर दुसरं काहीतरी आहे, तिथे आंबट ओतत बसण्यात अर्थ नाही.

ढोबळ नियम एवढाच की क्षार आंबटाने जातात आणि चहा, दूध, तेल हे सोड्याने जातात. आणि हे दोन एकत्र करायचे नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण जिकडे बघावं तिकडे व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतायचा सल्ला असतो, मग फस्सकन फेस येतो आणि बघणारा खूश. अहो तो फेस म्हणजे आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतायत, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं जवळजवळ साधं खारट पाणी, त्याने ना क्षार जात ना चहा. तोटीत अडकलेला गाळ हलवायला फेसाचा थोडा उपयोग होतो तेवढाच. फ्रूट सॉल्टची पुडी टाकायचा जो प्रकार आहे त्यातही हेच, आंबट आणि सोडा एकाच पुडीत, पाण्यात पडले की आपसात भांडून मोकळे.

आता सगळ्यात जास्त लोकांचा त्रास तो, स्टीलची इलेक्ट्रिक केटल आणि आतले पांढरे क्षार. हे होतं कशाने, तर जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, पण पाणी तापवलं की त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो, वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसतो, म्हणजे अक्षरशः खडू किंवा चुनखडी. म्हणून ज्यांच्याकडे धरणाचं किंवा तलावाचं पाणी येतं, मुंबईत वैतरणा-भातसाचं, पुण्यात खडकवासल्याचं, त्यांची केटल बरेच दिवस चकचकीत राहते आणि त्याच शहराच्या टोकाला टँकर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत तीच केटल महिन्याभरात पांढरी होते. मराठवाड्यात बोअरचं पाणी असलेल्यांना हे सांगायची गरजच नाही, त्यांच्या नळाला, गीझरला, बादलीला सगळीकडे तेच. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात एकूण कठीणपणा (म्हणजे विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय, म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा केटल पांढरी करू शकतं. चहात तरंगणारे पांढरे कण विषारी वगैरे नसतात, पण थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, पाणी तापायला वेळ लागतो, केटल कर्रकर्र आवाज करते आणि तळ जास्त तापून मधेच बंद पडायला लागते.

यावर सगळ्यात स्वस्त आणि वास न येणारा उपाय म्हणजे लिंबूसत, सायट्रिक ॲसिड म्हणून किराणा दुकानात साखरेसारखे खडे मिळतात ते. एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम. आता कोणीतरी म्हणणारच की घरी लिंबू आहे की. लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड साधारण ५ ते ६ टक्के असतं, म्हणजे १० ग्रॅमसाठी पावणेदोनशे मिली रस लागेल, एवढी लिंबं पिळण्यापेक्षा सरबत करून प्या आणि केटलला लिंबूसत आणा. सरबताच्या पिळलेल्या साली हलक्या डागाला चालतात, जाड थराला नाही.

करायचं असं. केटलमध्ये क्षार बुडतील इतकं पाणी घ्या, पण काठोकाठ नको, निम्म्याच्या थोडं वर बास. आधी नुसतं पाणी उकळा, केटल बंद होऊ दे, प्लग काढा, दोनतीन मिनिटं थांबा, मग लिंबूसत थोडं थोडं टाका. उकळत्या पाण्यात एकदम ओतलं तर फेस उसळून ओट्यावर येतो आणि हातावर पण येतो. टाकलं की सुर्रर्र आवाज ऐकू येईल, तो आवाज चालू आहे तोवर काम चालू आहे. अर्धा तास तसंच ठेवा. थर जुना असेल तर ते पाणी ओतून नवीन करा, एकाच पाण्यात रात्रभर ठेवण्यापेक्षा ताज्या पाण्याने दोनदा केलेलं बरं, कारण पहिल्या पाण्यातलं आंबट क्षार खाऊन संपलेलं असतं.

आणि लिंबूसत टाकून परत परत खळखळ उकळू नका. बरेच जण तसं करतात, त्यांना वाटतं जास्त उकळलं की जास्त निघेल. पण क्षार आणि लिंबूसत मिळून जो कॅल्शियम सायट्रेट होतो तो गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे क्षार खूप असतील तर उकळण्याने उलट नवीन पांढरी पूड तळाला बसते आणि ती पहिलीपेक्षा हट्टी. गरम पाणी घ्या, टाका, आणि सोडून द्या.

लिंबूसत नसेल तर पांढरं व्हिनेगर, स्वयंपाकाचंच, त्यात ॲसिटिक ॲसिड ४-५ टक्के असतं. निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, कोमट करा, तासभर ठेवा. काम तेच होतं पण घरभर वास आणि पुढच्या दोन चहांना पण वास. मी तरी व्हिनेगर फक्त कापडावर घेऊन बाहेरून पुसायला वापरतो, त्या निळ्या जांभळ्या झाकेवर ते मस्त चालतं, दोन वेळा पुसलं की गेली. लोहाचे लालसर ठिपके मात्र लिंबूसतानेच चांगले जातात, ते लोहाला धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर घेऊन जातं.

तोटीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती बहुतेक केटलमध्ये ओढली की निघते. ती काढून वाटीत लिंबूसताच्या पाण्यात टाका आणि जुन्या टूथब्रशने झटका, अर्धे लोक ही जाळी वर्षानुवर्षं काढतच नाहीत आणि मग विचारतात केटल धुतली तरी कपात पापुद्रे का येतात.

शेवटी दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या, झालं.

केटलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र गंमत म्हणून घेऊ नका. केटल नळाखाली धरून चहूबाजूंनी भांड्यासारखी धुवायची नाही, आणि बादलीत किंवा सिंकमध्ये बुडवायची तर अजिबात नाही, खाली तळाशी जे गोल कनेक्शन असतं तिथे पाणी गेलं की शॉक लागू शकतो. बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, प्लग काढूनच पुसा, आणि चुकून पाणी गेलंच तर उलटी घालून पूर्ण एक दिवस सुकू द्या, घाई करून लावून बघू नका. झाकण उघडं ठेवून पण उकळत बसू नका, कारण बऱ्याच केटल वाफ आतल्या पट्टीपर्यंत पोचली की बंद होतात, झाकण उघडं असलं की वाफ वरच्या वर जाते आणि केटल बंदच होत नाही.

आता चहाचा तपकिरी थर. चहातले टॅनिन आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून हा थर बसतो, म्हणून कठीण पाण्यात चहाचे डाग पण जास्त. स्टीलच्या किटलीला यासाठी खायचा सोडा, लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास, मग बाटलीचा ब्रश फिरवा. अगदी काळाकुट्ट झालेला असेल तर खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घ्या, एक चमचा पुरे, तो जास्त तीव्र असतो, हातमोजे घाला, आणि हे फक्त स्टीलला, जर्मनला कधीही नाही, का ते खाली येतंय. ऑफिसमध्ये किंवा लग्नाच्या हॉलमध्ये चहाच्या मोठ्या स्टीलच्या किटल्या असतात तिथे कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर मिळते ती गरम पाण्यात टाकून तासभर ठेवली तरी चहा पूर्ण सुटतो, वास आणि रंग नसलेली बघून घ्या आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

क्षार आणि चहा दोन्ही एकावर एक बसले असतील, आणि बहुतेक घरांत तसंच असतं, तर आधी सोडा करा, धुवून टाका, मग लिंबूसत. उलट केलं तर वरचा चहाचा थर आंबटाला खाली पोचूच देत नाही.

दूध करपलेली किटली हा वेगळाच वैताग. इलेक्ट्रिक केटलमध्ये दूध तापवू नका हे सांगून कोणी ऐकत नाही, हॉस्टेलवाले तर दूध काय मॅगी काय सगळं त्यातच करतात. दुधातली प्रथिनं तळाला चिकटून जळतात. तळ झाकेल एवढं पाणी, त्यात दोन चमचे खायचा सोडा, उकळू द्या, लक्ष ठेवा कारण उतू जातं, आणि मग बंद करून पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गार झालं की लाकडी उलथन्याच्या टोकाने ढकललं तरी पापुद्रा सुटतो. नाही सुटला तर परत तेच करा, चाकू किंवा सुरी घालू नका.

तोटी साफ करायला ब्रश नसेल तर मूठभर तांदळाच्या कण्या, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब किटलीत घाला, झाकण दाबून धरा, तोटीच्या तोंडावर अंगठा, आणि खळखळ हलवा. पाणी नुसतं कोमट हवं, गरम असलं तर वाफेने झाकण उडतं. चहाची पूड, आल्याचे धागे, वेलचीची सालं, सगळं तोटीतून बाहेर येतं. हे अर्थातच साध्या किटलीसाठी, इलेक्ट्रिकसाठी नाही. स्ट्रॉ धुवायचे बारीक ब्रश मिळतात ते पण तोटीत छान जातात.

आता जर्मनची किटली, म्हणजे ॲल्युमिनियमची. टपरीवाल्याची, गाडीवाल्याची, आणि गावाकडे अजूनही बऱ्याच घरात असते ती. हिचा शत्रू नंबर एक म्हणजे सोडा. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, डिशवॉशरची पावडर, हे सगळे अल्कली, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे, आणि अल्कली ॲल्युमिनियम चक्क खातं, वरचा संरक्षक थर आधी विरघळतो आणि मग धातूच विरघळायला लागतो. म्हणून जर्मनची भांडी डिशवॉशरमधून काळी पडून निघतात, परदेशात राहणाऱ्यांनी आणि हल्ली पुण्या-मुंबईत डिशवॉशर घेतलेल्यांनी लक्षात ठेवा. नुसतं कठीण पाणी रोज उकळलं तरी आतून काळपट होते ती याच कारणाने, पाणी थोडं अल्कली असतं.

हा काळेपणा घासून घालवू नका, आंबटाने घालवा. किटलीत काळ्या भागाच्या वरपर्यंत पाणी, त्यात लिंबाच्या पिळलेल्या साली किंवा लिंबाएवढी चिंच किंवा मूठभर आमसुलं, कोकणात आणि गोव्यात आमसुलं घरात असतातच, आणि दहा-पंधरा मिनिटं मंद उकळवा. काळं जाऊन आतून पांढरट रुपेरी दिसायला लागेल. लगेच ओतून धुवा. रात्रभर आंबट पाणी ठेवायचं नाही, कारण आंबटसुद्धा ॲल्युमिनियम हळूहळू खातंच, थोड्या वेळाने काही बिघडत नाही पण रात्रभराने खड्डे पडतात. त्याच कारणाने जर्मनच्या किटलीत लिंबाचा चहा करून तासन् तास ठेवू नये. जर्मनला चहाचे डाग पडले तर भांड्याचा साधा साबण आणि कोमट पाणी, थोडा वेळ भिजवून ब्रश, बास. आत बारीक खड्डे पडून खरबरीत झालेली असेल तर ती बदला, त्या खड्ड्यातला चहा आणि दूध निघतच नाही आणि वास येत राहतो.

बाहेरच्या काजळीचं म्हणाल तर चुलीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवणाऱ्यांसाठी जुनी युक्ती अजूनही सगळ्यात भारी आहे, किटली चुलीवर ठेवायच्या आधीच बुडाला बाहेरून माती आणि राखेचा ओला लेप द्यायचा, सगळी काजळी लेपावर बसते आणि संध्याकाळी पाण्याने लेपासकट निघून जाते. ट्रेकला जाणारे हेच भांड्याच्या साबणाने करतात, बुडाला साबणाचा जाड हात मारायचा आणि मग चुलीवर. लेप दिला नसेल आणि काळं बसलंच असेल तर चाळलेली लाकडाची राख आणि नारळाची शेंडी, थोडं पाणी, आणि गोल गोल घासा. राख बारीक असल्याने घासली पण जाते आणि तिच्यातले पोटॅशचे क्षार तेलकटपणा पण कापतात. जर्मनवर राख चालते, पण राखेचा लेप असो की नुसती ओली राख, तासभर ठेवून द्यायची नाही, तो पण अल्कलीच. घासा आणि लगेच धुवा. आणि गॅसवर ठेवूनसुद्धा बूड काळं होत असेल तर दोष किटलीचा नाही, बर्नरचा आहे, ज्योत पिवळी जळतेय का बघा, बर्नर काढून भोकं साफ करा.

बाहेरचा चिकट पिवळा थर म्हणजे महिनोन्‌महिने फोडण्यांचं तेल. स्टील असेल तर खायचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड एकत्र कालवून घट्टसर लेप लावा, पंधरा मिनिटं ठेवा, मऊ स्पंजने काढा. चकचकीत पॉलिशवाल्या स्टीलला हिरवं स्क्रबर लावलं की बारीक रेघा पडतात त्या परत जात नाहीत, स्पंजची पिवळी बाजू वापरा आणि ज्या दिशेला स्टीलच्या रेषा आहेत त्याच दिशेला हात चालवा. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक तुकडे स्टीलवर राहतात आणि दुसऱ्या दिवशी तेच तुकडे गंजून ठिपके दिसतात, मग लोक म्हणतात स्टील भेसळीचं होतं.

पितळी किटलीला दोन भाग आहेत, बाहेर पितळ आणि आत कल्हई, दोघांची वागणूक वेगळी. बाहेरून काळपट आणि हिरवट झालेली असेल तर चिंचेचा कोळ आणि जाड मीठ, किंवा लिंबाच्या फोडीला मीठ लावून, किंवा पितांबरी पावडर, जे हाताशी असेल ते. मीठ घासायला मदत करतं आणि आंबट वरचा काळा थर विरघळवतं. दोनतीन मिनिटांत पिवळं झळकतं आणि तिथेच थांबायचं असतं. चिंच लावून ठेवून जेवायला बसलात की आंबट पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि वर नुसतं तांबं उरतं, मग किटलीवर गुलाबी डाग दिसतात. तसे डाग पडलेच तर पॉलिशची पावडर घेऊन कोरड्या कापडाने थोडं जास्त घासावं लागतं. धुतल्यावर पितळ ओलं ठेवू नका, लगेच कोरडं पुसा, नाहीतर पाण्याचे ठिपके उद्यापर्यंत काळे होतात. दुकानातून शोभेसाठी आणलेल्या पितळी किटलीवर बऱ्याचदा लॅकरचा थर असतो, तिला चिंच-लिंबू काही लावू नका, ओलं फडकं पुरे.

आतल्या कल्हईला मात्र घासायचंच नाही. कल्हई म्हणजे कथलाचा अगदी पातळ थर, तो वापरून राखाडी होतो, ते चालतं, त्याला चकचकीत करायला गेलात की थरच निघून जातो. आत फक्त कोमट पाणी, साबण आणि मऊ कापड. चहाचा डाग असेल तर खायच्या सोड्याचं कोमट पाणी थोडा वेळ. आणि कथील २३२ अंशालाच वितळतं, त्यामुळे रिकामी किटली गॅसवर विसरलात की कल्हईचे थेंब झालेले दिसतील. आत कुठेही पिवळं किंवा लाल दिसायला लागलं की त्यात चहा, लिंबू, दूध, आमसूल काही घालू नका, कळकतं आणि मळमळ-उलटी होते. मग साफसफाईचा विषय संपतो, कल्हईवाल्याकडे जायचं. तो भांडं तापवून नवसागर टाकतो, पांढरा धूर होतो, मग कथील लावून कापसाने फिरवतो आणि दहा मिनिटांत आरशासारखं करून देतो. गल्लीत ओरडत येणारे आता कमी झालेत पण जुन्या बाजारपेठांत तांबटांच्या दुकानी विचारलं की पत्ता मिळतो. तोटी आतून कल्हई झालीय का हे मात्र उजेडात धरून बघून घ्या, तोटीचा आतला भाग सुटतो बऱ्याचदा.

काही गोष्टी कोणत्याच धातूला लावायच्या नाहीत. बाथरूमचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर, क्षार चुटकीसरशी जातात म्हणून लोक वापरतात, पण त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि शिवाय ज्यात चहा प्यायचाय त्यात हे कशाला. ब्लीचचं पण तसंच, क्लोरीन स्टीलला खातं. आणि ब्लीच आणि कोणतंही आंबट एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो, इथे मी अजिबात मस्करी करत नाहीये. कोला ओतायचा उपाय चालतो, त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, पण हळू चालतो आणि साखरेचा चिकटपणा परत धुवायचा, त्यापेक्षा कोला पिऊन टाका. टूथपेस्ट बाहेरच्या डागाला ठीक, आतून नको, चव राहते.

परत लवकर डाग नको असतील तर उरलेलं पाणी केटलमध्ये रात्रभर ठेवू नका, सकाळी परत तेच पाणी उकळायची सवय पण सोडा, सुकताना आणि पुन्हा उकळताना क्षार वाढत जातात. उलटी घालून झाकण उघडं ठेवा. आरओचं पाणी वापरलं तर क्षार जवळजवळ बसत नाहीत, नुसत्या यूव्ही फिल्टरने मात्र काही फरक पडत नाही, तो जंतू मारतो, क्षार काढत नाही. बोअरच्या पाण्यावर असाल तर थर कागदाएवढा पातळ असतानाच लिंबूसत करा, पंधरा मिनिटांत उरकतं, जाड होईपर्यंत वाट बघितली की सबंध दुपार जाते.

केटलमधून शेवटी काढलेलं लिंबूसताचं गरम पाणी फेकू नका, त्यात अजून थोडा दम असतो, नळाच्या तोंडाची जाळी किंवा शॉवरची चकती त्यात बुडवून ठेवा, तिथेही हेच क्षार असतात. फक्त ओतताना ओट्यावर सांडू देऊ नका. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर काही होत नाही, पण कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीचेच दगड, लिंबूसत पडलं की किटलीतल्या क्षारासारखेच विरघळतात आणि तिथे फिकट खरखरीत डाग पडतो, जो पुसून जात नाही. सांडलंच तर लगेच ओल्या फडक्याने टिपा आणि वरून खायच्या सोड्याचं पाणी फिरवा.